मदत हवी आहे: आधार घेऊन केलेल्या आसनांतही अंग सैल पडत नाही

नमस्कार,

गेले सहा आठवडे मी आठवड्यातून चार वेळा लोड, ब्लँकेटच्या घड्या आणि भिंत यांचा आधार घेऊन रिस्टोरेटिव्ह योगाची आसने करीत आहे. दिवसभर संगणकासमोर बसून मान आणि खांदे आखडतात आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी डोक्यातली कामे थांबत नाहीत, म्हणून हा मार्ग धरला. क्रम साधा आहे: १० मिनिटे सुप्त बद्धकोणासन (पाठीवर पडून तळपाय एकमेकांना जुळवायचे आणि गुडघे बाजूंना सोडायचे), १० मिनिटे भिंतीला पाय लावून विपरीत करणी आणि शेवटी शवासन.

अडचण अशी की, जिथे शरीराने स्वतःला सोडून द्यायचे, तिथेच ते पहारा देत बसते. सुप्त बद्धकोणासनात तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मांड्यांची आतली बाजू ओढली जाऊन बारीक थरथरू लागते. काल मुद्दाम लक्ष दिले, तर जीभ टाळूला घट्ट चिकटलेली होती, दातावर दात दाबलेले होते आणि उजव्या हाताचा अंगठा मुठीत गेलेला होता; म्हणजे मी 'आराम' करीत असताना ही अवस्था! शवासनात तर छातीतली धडधड ऐकू येऊ लागते आणि उठून बसावेसे वाटते. सूर्यनमस्कार घालताना असे काहीच होत नाही.

थोडा ताण सोसल्याशिवाय आखडलेले अंग मोकळे होत नाही, असे मला सांगण्यात आले आहे, पण ते पटत नाही. मांडीला ओढ बसणे या प्रकारात अपेक्षित आहे का? आणि बेचैनी वाढली तर तसेच पडून राहावे की थांबावे?

प्रतिसाद:

तुम्हाला पटले नाही, ते योग्यच झाले. या प्रकारात ओढ जाणवली, की आधार कमी पडला असे समजावे. बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, खुर्ची, पट्टा यांचा वापर रूढ केला आणि त्यांच्या शिष्या ज्युडिथ लासाटर यांनी पुढे अमेरिकेत ही पद्धत रुजवली; तिचे मर्म इतकेच, की तोलून धरण्याचे काम स्नायूंकडून काढून वस्तूंकडे द्यायचे. तुमचे गुडघे अधांतरी राहत असावेत. दोन्ही मांड्यांखाली घड्या सरकवा आणि ओढ पूर्ण नाहीशी होईपर्यंत त्यांची उंची वाढवत राहा. डोक्याखालची घडी अशी असावी, की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच राहील. कोपरापासून पुढचा हातही टेकलेला हवा, कारण हात लोंबत राहिले तर खांदे सुटत नाहीत. अंगावर पांघरूण अवश्य घ्या. स्थिर पडल्यावर शरीर निवते आणि गारव्याने स्नायू पुन्हा आखडतात.

जबड्याला नुसते 'सैल हो' म्हणून तो ऐकत नाही. त्यासाठी अमेरिकी वैद्य एडमंड जेकबसन यांची १९२० च्या दशकातली युक्ती उपयोगी पडते: मूठ किंवा जबडा आधी पाच सेकंद जाणूनबुजून हलकेच आवळायचा, मग सोडायचा आणि दोन्हींतला फरक न्याहाळायचा.

बेचैनीत तसेच पडून राहू नका. निवांत पडल्यावर ती वाढणे हा अनेकांचा अनुभव आहे. शवासन तीनच मिनिटे करा, डोळे अर्धवट उघडे ठेवा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती थोडी मंदावते. एरवीही धडधड होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर विपरीत करणी त्यांना विचारल्याशिवाय करू नये.

धागाकर्त्याकडून:

मनःपूर्वक आभार. आज प्रत्येक मांडीखाली दोन घड्या घेतल्या आणि थरथर झाली नाही. धडधड फक्त शवासनातच होते. रक्तदाब तपासलेला आहे आणि तो ठीक आहे. जबडा अजून हटून बसला आहे. आता एकच विचारायचे आहे: शवासन पाठीवर न करता, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर केले तर चालेल का?