पीआरसी येऊन गेली, पुढं काय होते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पंचायती राज समिती (पीआरसी) येणार म्हणून शाळेची एकच भिंत रंगवली, रस्त्याकडची. मागची तशीच, पोपडे निघालेली. तीन महिने तुटलेला हातपंपाचा दांडा एका रात्रीत बसला. आमदार मंडळींनी दहा मिनिटं रजिस्टर चाळलं, गेले. दांडा पुन्हा निघाला! यांना खरंच अधिकार असते काय, का नुसता चहा-चिवडा?

उत्तर : असते भाऊ. ही विधिमंडळाची समिती. झेडपीच्या लेखापरीक्षणातले आक्षेप काढून अधिकाऱ्यांची साक्ष घेते. शिक्षा मात्र करत नाही, शिफारस करते.

उत्तर : दिल्लीतही तसंच. सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीत 22 खासदार, 15 लोकसभेचे, 7 राज्यसभेचे. मंत्री एकही नाही. 1967 पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. पण ही समिती ज्यावर काम करते तो कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकाचा, अहवाल येतो पैसे खर्च झाल्यावर. आपलं गोसीखुर्दच पाहा ना बाप्पा, 372 कोटींचं धरण हजारो कोटींवर गेलं.

प्रश्नकर्ता : मग आमच्या हातपंपाचा आक्षेप लिहिला का नाही, कसं कळावं?

उत्तर : माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांची मुदत. दुरुस्तीचं बिलही मागा, दांड्याचं.