भगतसिंगांचं अपील लढवणारे प्रिट कुठल्या वकील संघटनेचे अध्यक्ष होते? तिचा इतिहास माहितीय का कुणाला?

शाहूपुरी_लॉ
नमस्कार मंडळी, कोल्हापुरात एलएलबी करतोय, दुसरं वर्ष. भगतसिंगांचं प्रिव्ही कौन्सिलमधलं (म्हणजे तेव्हाचं लंडनमधलं सर्वात वरचं अपील कोर्ट) अपील वाचत होतो, फेब्रुवारी १९३१ चं, त्यात त्यांच्या बाजूनं डी. एन. प्रिट म्हणून इंग्लंडचे बॅरिस्टर उभे होते. त्यांच्याबद्दल शोधत गेलो तर हे पुढं इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेमोक्रॅटिक लॉयर्सचे अध्यक्ष झाले असं दिसलं. एका सिनियरना विचारलं तर ते म्हणाले ती इंटरनॅशनल बार असोसिएशन असणार, पण मला दोन्ही वेगळ्या वाटतायत. अशा किती संघटना आहेत, आणि जगभरच्या वकिलांची एकच का नाही झाली? मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून इथं सगळे वकिलांच्या एकीबद्दल बोलतात, म्हणून जास्तच उत्सुकता आहे.

सीपीआर_चौक
भावा तुझं बरोबर हाय, दोन्ही वेगळ्या. सगळ्यात जुनी म्हणशील तर युनियन इंटरनॅशनल देझ अव्होका, १९२७ ला बेल्जियममधल्या शार्लरुआत निघाली. इंटरनॅशनल बार असोसिएशन म्हणजे आयबीए, १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये, ३४ देशी बार असोसिएशन्सनी मिळून काढली, तिचं ऑफिस आता लंडनला. ती मूळची बार असोसिएशन्सची संघटना, एकेकट्या वकिलाला मेंबर व्हायची सोय १९७० पासून झाली. प्रिट जिचे अध्यक्ष ती इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेमोक्रॅटिक लॉयर्स म्हणजे आयएडीएल, २४ ऑक्टोबर १९४६, पॅरिस. तारीख बघ, न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्याचा निकाल १ ऑक्टोबरला लागला आणि तीनेक आठवड्यांत ही संघटना उभी राहिली. हिटलरच्या काळात जे वकील फॅसिझमविरुद्ध लढले त्यांच्या पुढाकारानं निघाली, नाझींच्या राज्यात कायदा आणि कोर्टं कशी वापरली गेली ते त्यांनी स्वतः बघितलं होतं. पहिले अध्यक्ष रने कासँ, जे पुढं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्यांत होते आणि १९६८ ला ज्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

कामगार_कोर्ट
प्रिटसाहेबांबद्दल मला लिहायचंच आहे. १९३३ मध्ये राइशस्टाग म्हणजे जर्मनीचं संसद भवन जळाल्यावर नाझींनी कम्युनिस्टांवर खटला भरला तेव्हा लंडनमध्ये समांतर चौकशी बसली, तिचे अध्यक्ष हेच. हाँगकाँगमध्ये अटक झालेल्या हो ची मिन्हचं प्रिव्ही कौन्सिलमधलं काम यांनी घेतलं. १९५२-५३ ला केनियात तिथले स्वातंत्र्य चळवळीचे नेते जोमो केन्याटांचा बचाव केला, आणि त्या टीममध्ये आपल्याकडचे दिवाण चमनलालसुद्धा होते. आपल्या लोकांना सहसा माहिती नसतं ते म्हणजे तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी ते आपल्या सुप्रीम कोर्टात उभे राहिले, जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य. कोर्टानं म्हटलं की हैदराबाद हायकोर्टाचा निकाल घटना लागू व्हायच्या आधीचा आहे त्यामुळं इथं अपील येत नाही. केस हरली. भगतसिंगांचीपण हरलीच होती, त्यांच्या खटल्यासाठी खास कोर्ट नेमणारा ऑर्डिनन्स काढण्याइतकी आणीबाणी आहे की नाही ते गव्हर्नर जनरलच ठरवणार असं प्रिव्ही कौन्सिल म्हणालं. पण हरणार हे दिसत असताना परक्या देशातल्या आरोपीसाठी उभं राहायचं, हे ज्या वकिलानं आयुष्यभर केलं त्याला संघटनेनं अध्यक्ष केलं, मला तर यातच तिची किंमत कळते.

नागपूरची_सून_कोल्हापूरची_वकील
दादा, प्रिटसाहेबांचा आदर मलाही आहे पण संघटनेचं पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे ना. शीतयुद्ध सुरू झालं, १९४९ ला युगोस्लाव्हियाचे वकील बाहेर काढले गेले कारण त्यांचे नेते टिटो यांचं स्टालिनशी फाटलं होतं, यात कायद्याचा प्रश्न कुठला? त्याच सुमारास पश्चिमेकडचे बरेच जण सोडून गेले, कासँपण बाजूला झाले, फ्रान्स सरकारनं संघटनेला देशातून हाकललं आणि मुक्काम ब्रसेल्सला गेला. मग १९५२ च्या जुलैमध्ये पश्चिम बर्लिनमधून वॉल्टर लिन्झे नावाच्या वकिलाला पूर्व जर्मनीच्या लोकांनी पळवून नेलं, पुढं मॉस्कोत मारलं. त्याच महिन्यात बर्लिनला जी परिषद भरली तिच्यातून इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स निघालं. शाहूपुरी, एकच का नाही याचं उत्तर हे आहे.

आणि १९५९ मध्ये या कमिशनचे अध्यक्ष झाले आपले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस राहिलेले! १९५९ च्या जानेवारीत दिल्लीत ५३ देशांचे १८५ कायदेतज्ज्ञ जमले आणि कायद्याचं राज्य म्हणजे नुसतं कलमांचं पालन नव्हे, माणसाला सन्मानानं जगता येईल अशी सामाजिक, आर्थिक परिस्थितीही त्यात येते असं त्यांनी मांडलं. कमिशननं तिबेटवर चौकशी समिती नेमली तिचे प्रमुख मुंबईचे पुरुषोत्तम त्रिकमदास.

कामगार_कोर्ट
ताई सगळं मान्य, पण त्याच कमिशनला अमेरिकेच्या सीआयएचा पैसा येत होता हे १९६७ ला उघड झालं तेही लिहा की. एका बाजूला मॉस्कोची सावली, दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनचा पैसा.

नागपूरची_सून_कोल्हापूरची_वकील
हो, लिहायलाच पाहिजे, ते वाईटच होतं. पण त्यानंतरही काम थांबलं नाही. १९७१ ला पूर्व पाकिस्तानात जे झालं त्यावर कमिशननं १९७२ मध्ये जिनिव्हातून रिपोर्ट काढला, तो आजही संदर्भाला घेतात. त्यांचे सेक्रेटरी जनरल राहिलेले शॉन मॅकब्राइड यांना १९७४ ला नोबेल मिळालं. आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध तर तुमची आयएडीएल आणि हे कमिशन, दोन्ही संघटना उभ्या होत्या.

सीपीआर_चौक
हे वाचून मला आपलं आंदोलन आठवलं. सहा जिल्ह्यांचे वकील, प्रत्येक पक्षाचे, कित्येक दशकं एका मागणीवर टिकले आणि १८ ऑगस्ट २०२५ ला बेंचचं काम सुरू झालं. मागणी एक होती म्हणून जमलं. सगळ्या जगाच्या राजकारणावर एकमत करा म्हटलं असतं तर आपलीपण दोन शकलं झाली असती.

शाहूपुरी_लॉ
सगळ्यांचे मनापासून आभार. कॉलेजच्या सेमिनारला हाच विषय घेतो, पण सुरुवात कुठून करू? संघटनेच्या ठरावांपासून की केसेसपासून?

कामगार_कोर्ट
केसेसपासून. जनार्दन रेड्डी एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९५१ च्या सुप्रीम कोर्टाच्या भागात आहे, कुठल्याही बार लायब्ररीत मिळेल. आधी ते वाच, मग ताईंनी सांगितलेल्या १९५९ च्या दिल्ली परिषदेचा जाहीरनामा शेजारी ठेव. आणि १९९० ला हवानात युनोनं वकिलांच्या भूमिकेबद्दल जी तत्त्वं मंजूर केली त्यातलं १८ वं बघ, वकिलाला त्याच्या अशिलाबरोबर किंवा अशिलाच्या कामाबरोबर एकच धरू नये. प्रिटसाहेबांना आयुष्यभर नेमकं तसंच धरलं गेलं.