मिठाईचा बॉक्स: ४०९६ ला ७२० ने भागलं तर का चालत नाही?

बॅकबेंचर_०७:
सीईटीची तयारी चालूय, एका गणितावर अडकलोय. काजूकतली, पेढा, बर्फी, लाडू असे ४ प्रकार, बॉक्समध्ये ६ नग भरायचेत, एकच प्रकार कितीही वेळा चालेल, क्रमाशी देणंघेणं नाही, तर किती वेगवेगळे बॉक्स होतील? प्रत्येक नगाला ४ पर्याय म्हणून ४ चा सहावा घात ४०९६, क्रम नको म्हणून ६! म्हणजे ७२० ने भागलं तर ५.६८ की काहीतरी येतं. पुस्तकात उत्तर ८४. सूत्र दिलंय पण नुसतं घोकायचं नाहीये, भागाकार नेमका कुठे गंडतो ते सांगा ना कोणीतरी.

फळा_खडू:
७२० ने भागायचं तर प्रत्येक बॉक्स ४०९६ मध्ये बरोब्बर ७२० वेळा आलेला पाहिजे. सगळे पेढेच असलेला बॉक्स बघ, तो एकदाच आलाय. ५ पेढे १ लाडू असेल तर ६ वेळा. जास्तीत जास्त २-२-१-१ ला, १८० वेळा, त्याच्या वर जातच नाही कारण नग ६ नि प्रकार ४च, काहीतरी रिपीट होणारच. म्हणजे ७२० वेळा मोजलेला एकही बॉक्स नाहीये!

कट्ट्यावरचा:
नग गोल नि प्रकारांच्या मधे दांडी असं मांड. ●●|●|●●●| म्हणजे २ कतली, १ पेढा, ३ बर्फी, लाडू शून्य. ४ प्रकारांना दांड्या ३, एकूण जागा ९, त्यातल्या ३ दांड्यांना निवडायच्या, ९×८×७ भागिले ६, ८४. झालं.
फक्त हे ८४ प्रॉबॅबिलिटीत छेदात टाकू नकोस हां, डोळे मिटून एकेक नग उचलला नि चारही प्रकार सारखेच येत असतील तर सगळे पेढे यायची शक्यता १/४०९६ आहे, १/८४ नाही. यात भलेभले फसतात.

बॅकबेंचर_०७:
आत्ता डोक्यात शिरलं 🙏 आणि प्रत्येक प्रकार निदान एक तरी हवा म्हटलं तर?

फळा_खडू:
४ आधीच टाकून दे, उरले २, मग २ गोल ३ दांड्या, ५ पैकी ३, उत्तर १०. किंवा ६ गोलांच्या मधल्या ५ फटींतून ३ फटी निवड, तेच.

रेघोट्या:
हे फटींचं गणित लीलावतीत आहे राव, ११५० सालचं! पाच अंकी संख्या, शून्य कुठेच नाही, अंकांची बेरीज १३, तर अशा संख्या किती? भास्कराचार्यांची रीत म्हणजे बेरजेतून एक वजा करून १२, मग एकेक उतरत १२×११×१०×९, भागिले १×२×३×४, आले ४९५. फटी १२, निवडायच्या ४. वर अटही घातलीय, बेरीज स्थानं अधिक ९ पेक्षा, म्हणजे इथे १४ पेक्षा कमी हवी, का ते शोध बघू.

बॅकबेंचर_०७:
१४ घेतली तर चार १ नि एक १० असं पण मोजलं जाणार, आणि १० हा अंकच नाही. तो पाच जागांपैकी कुठेही बसेल म्हणून ७१५ वजा ५, ७१० ना?

रेघोट्या:
बरोबर. आता १५ करून बघ, तिथे जरा जास्त वजा करावं लागेल.