दोन लेस कडेला कड भिडवून जोडण्यासाठी मधल्या पातीचा फूट कसा वापरावा?

सुईदोरा, चाळीसगाव
नमस्कार. भाचीच्या बाळाच्या बारशासाठी मलमलचे झबले शिवत आहे आणि त्याच्या पुढच्या भागात सुती लेसच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या आहेत. एका लेसवर दुसरी चढवून शिवले की तिथे जाडसर वळ उठतो, आणि तो बाळाच्या अंगाला टोचेल अशी भीती वाटते. मागच्या आठवड्यात जळगावच्या फुले मार्केटमधून लेस आणताना मधोमध पत्र्याची उभी पाती असलेला एक फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा भाग) घेतला. तो काळ्या पायमशीनवर लावून पाहिला, तर टाका नेमका दोन लेसच्या फटीतून जातो आणि कापड बाहेर काढताच दोन्ही पट्ट्या सुट्या हातात येतात. घरात झिगझॅगची, म्हणजे नागमोडी टाक्याची, लहान मशीनही आहे. चूक फुटाची आहे की माझी?

जुना कारागीर, जळगाव
ताई, चूक दोघांचीही नाही, मशीनची निवड तेवढी बदलावी लागेल. काळ्या मशीनची सुई एकाच जागी खालीवर होते, म्हणून पातीच्या रेषेत पडणारा टाका दोन्ही बाजूंपैकी एकीलाही धरत नाही. झिगझॅगमध्ये सुई एकदा डावीकडच्या लेसमध्ये आणि एकदा उजवीकडच्या लेसमध्ये उतरते. पातीचे काम फक्त दोन्ही किनारी सरळ भिडलेल्या ठेवण्याचे. काळ्या मशीनचा आणि बहुतेक घरगुती झिगझॅग मशीनचा फूट बसवायचा दांडा आखूडच असतो, त्यामुळे स्क्रूने बसणारा हाच फूट तिथेही चालावा.

सुई मध्यभागी ठेवा, टाक्याची रुंदी २ ते २.५ मिलिमीटर आणि लांबी १ ते १.५ मिलिमीटर ठेवा. मशीन चालू करण्यापूर्वी चाक हाताने दोन फेरे फिरवून सुई पातीला किंवा फुटाच्या कडेला लागत नाही ना, हे पाहून घ्या. ही तपासणी टाळल्याने मोडलेल्या सुया मी मोजणे सोडून दिले आहे. सुई ६५ किंवा ७० नंबरची बारीक असावी आणि दोराही बारीक सुती घ्यावा. दोन्ही लेसच्या घट्ट विणीच्या किनारी पातीला अलगद टेकवून ठेवाव्यात, पण मागून ओढू नयेत, कारण ओढली की एक लेस ताणली जाते आणि शेवटी दुसरीपेक्षा बोटभर लांब निघते.

तलम, धुळे
वरील उत्तराशी सहमत आहे, पण लेस मऊ असेल तर ती आधी धुऊन, आकसू देऊन, खळ लावून इस्त्री केल्याशिवाय मशीनवर घेऊ नये. आपल्याकडे वैशाखात पंखा बंद करून शिवणे अशक्य, आणि खळ न लावलेली लेस त्या वाऱ्यात पातीपाशी थांबतच नाही! कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या दात्यांमध्ये ती अडकत असेल तर खाली बटर पेपरची पट्टी धरावी आणि नंतर फाडून काढावी. नायलॉनची लेस असेल तर इस्त्री अगदी मंद ठेवावी, ती वितळते.

मलमलला लेस जोडताना मात्र कापडाची कच्ची कड नुसती भिडवू नका, ती उसवते. सुलट बाजू समोरासमोर ठेवून, लेसची किनार कापडाच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर आत घ्या आणि झिगझॅगची रुंदी अशी ठेवा की एक टाका लेसमध्ये पडेल व दुसरा कापडाच्या बाहेर. त्या टाक्याने कड आपोआप गुंडाळली जाते. यासाठी पातीचा फूट काढून साधा झिगझॅगचा फूट लावा.

सुईदोरा, चाळीसगाव
दोघांचेही आभार. आज वाया गेलेल्या तुकड्यांवर करून पाहिले. रुंदी २ वर टाका एका बाजूची किनार मधूनमधून सोडत होता, २.५ वर बरोबर बसला आणि उलट बाजूनेही सांधा सपाट लागला. गळ्याच्या गोलाईवर मात्र लेस पातीपासून सरकते.

जुना कारागीर, जळगाव
गोलाईवर या फुटाचा हट्ट धरू नये, पाती सरळ रेषेसाठीच आहे. लेसच्या घट्ट किनारीतला लांबीच्या दिशेने जाणारा एक धागा हळू ओढून ती गळ्याच्या आकारात वळवून घ्या, हाताने कच्चा टाका घाला आणि मग साध्या फुटाने शिवा.