मदत हवी आहे: असेंब्लीवुमनच्या ऑफिसचं हेल्थ अपडेट आपल्या ज्येष्ठांपर्यंत कसं पोचवायचं? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या असेंब्लीवुमनच्या ऑफिसात व्हॉलंटियरिंग करते. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, आपल्याकडे आमदार तसंच हे, इथे ४० डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली मेंबर निवडून येतात. ऑफिसातून नियमित एक कम्युनिटी अपडेट जातं, त्यात आरोग्याची माहिती, रक्तदान कुठे, फ्लूचा शॉट कुठे, गावातले कार्यक्रम असं सगळं असतं. ऑक्टोबरचा अंक सगळ्यात भरगच्च, कारण ब्रेस्ट कॅन्सर अवेअरनेसचा महिना, फ्लूचा सीझन, मेडिकेअरचं (म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) ओपन एनरोलमेंट, जुनी औषधं परत द्यायचा दिवस हे सगळं एकदम येतं आणि वर आपली दिवाळीची गडबड.

अडचण अशी की हे जातं इमेलने आणि इंग्लिशमध्ये. ज्यांना याची खरी गरज आहे ते म्हणजे मुलांकडे राहायला आलेले आईवडील, त्यांच्या नावाने इमेल येतच नाही, येतं ते मुलाला, आणि मुलगा कामाच्या रगाड्यात ते उघडतही नाही. म्हणून यावेळी एक पानी मराठी पत्रक काढायचं ठरवलंय, मोठ्या टायपात, फ्रिजवर लावता येईल असं. ऑफिसने हो म्हटलंय.

त्यात काय घ्यायचं ते बरंचसं ठरलंय. मेडिकेअरबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ओपन एनरोलमेंट असं वाचलं की लोकांना वाटतं आता कोणीही अर्ज करू शकतो, पण ते ज्यांच्याकडे मेडिकेअर आधीपासून आहे त्यांनी प्लॅन बदलण्यासाठी आहे. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना ६५ पूर्ण आणि इथे सलग ५ वर्षं राहिलेलं असावं लागतं, आणि इथे नोकरी केलेली नसेल तर पार्ट ए चासुद्धा (हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) प्रीमियम भरावा लागू शकतो. ५ वर्षं व्हायची असतील तर गेट कव्हर्ड एनजे वर (आरोग्य विमा घ्यायची राज्याची वेबसाइट) प्लॅन बघता येतो, ते १ नोव्हेंबरला सुरू होतं. हे कोणी नीट सांगत नाही आणि मग आजारपण आल्यावर घरात रडारड. प्रत्येक काउंटीत शिपचे (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी योजना) काउन्सेलर मेडिकेअरची माहिती फुकट देतात, कुठलाही प्लॅन विकत नाहीत, तो नंबर मी सगळ्यात वर टाकणार आहे.

मॅमोग्रामचं (बायकांसाठी ब्रेस्ट कॅन्सर तपासायचा एक्स-रे), ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी, ही २०२४ ची शिफारस आहे. आणि डायबेटिसचं. आपल्या लोकांना "मी काही जाड नाही" एवढं पुरतं, पण अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच तपासणीचा विचार करायला सांगते, बाकीच्यांसाठी तो आकडा २५ आहे. हे माझ्या मते पत्रकात ठळक यायलाच हवं.

औषधांचंही. ओळखीच्या एका काकूंच्या कपाटात मी बिस्किटाचा मोठा डबा बघितला, भारतातून आणलेल्या गोळ्यांनी भरलेला, अर्ध्या फाडलेल्या स्ट्रिप्स, तारीख नेमकी फाडलेल्या भागावर गेलेली, कुठली बीपीची आणि कुठली गुडघ्याची ते त्यांनाही सांगता येईना. "असू देत गं, कधी लागल्या तर." आणि घरात तीन वर्षांची नात आहे. टेक बॅक डे ला, म्हणजे जुनी औषधं परत द्यायच्या दिवशी, या गोळ्या नाव-गाव न विचारता घेतात, पण काकूंना ते कळणार कसं?

आता मदत इथे हवीये. एक, नुसतं पत्रक देऊन हे लोक तपासणीला येतील का? "मला काही होत नाहीये, मग उगाच कशाला काही काढायचं" हे उत्तर ठरलेलं असतं. माझ्या डोक्यात आहे की मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेशेजारीच बीपीचं टेबल लावावं. दोन, मंडळाची कमिटी म्हणते की असेंब्लीवुमनचं नाव आलं की राजकारण आलं, आमचं नॉनप्रॉफिट स्टेटस जाईल. खरंच असं आहे का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
मी नर्स आहे, टेबल जरूर लावा पण रांगेशेजारी नको. बीपी घेण्याआधी ५ मिनिटं शांत बसायला हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, आणि अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. तुमच्या त्या गोंगाटात चहाचा कप हातात धरून गप्पा मारत घेतलेला आकडा वर जाईल आणि बिचारे घाबरून घरी जातील. कार्यक्रम शाळेत असतो ना, मग शेजारचा एक वर्ग मागून घ्या, जेवणाच्या आधीची वेळ ठेवा. दारात कोणीतरी ओळखीचं उभं करा, हाताला धरून आणणारं. माणसं पत्रक वाचून येत नाहीत हो, "चला काका, मीपण दाखवतेय" म्हटलं की येतात. आणि आकडा कागदावर लिहून द्या, डॉक्टरकडे नेता येतो.

प्रतिसाद:
मी आमच्या मंडळाच्या कमिटीवर होतो. ५०१ सी ३ संस्थेला (म्हणजे आपल्या मंडळासारख्या टॅक्समाफी असलेल्या नॉनप्रॉफिटला) निवडणुकीत कोणाच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला बंदी आहे, निवडून आलेल्या माणसाच्या ऑफिसने आरोग्याची माहिती ठेवायला नाही. निवडणुकीचा उल्लेख नको, देणग्या गोळा करणं नको, प्रचाराचे बिल्ले नकोत, दुसऱ्या पक्षाच्या ऑफिसने विचारलं तर त्यांनाही तशीच जागा द्यायची. हे आधीच लेखी ठरवा. तरी कमिटीला धाकधूक असेल तर पत्रकावर फोटो टाकू नका, फक्त ऑफिसचा नंबर टाका.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. वर्गखोलीचं आजच कमिटीला विचारते, आणि फोटो न टाकण्याबद्दल ऑफिसशी बोलते, त्यांची हरकत नसावी. दारात उभं राहायला त्या डबेवाल्या काकूंनाच विचारणार आहे, त्यांना सगळं गाव ओळखतं. आता एकच राहिलं, कोणाकडे मोठ्या टायपातलं मराठी पत्रक आधी केलेलं असेल तर किती पॉइंटचा फॉन्ट घेतला होता ते सांगा, १६ ला प्रिंट काढून बघितली तर चष्मा लावूनही बारीक वाटतंय.