पाहुण्या यूजरने ब्राउझर उघडायला पासवर्ड हवाच कशाला?

गिरगावकर: मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये अख्ख्या घराला एकच कॉम्प्युटर. अनोळखी लिंका आणि मुलांचे गेम यांसाठी ‘पाहुणा’ हा वेगळा लिनक्स यूजर करावा, आणि त्याच्या नावाने आपल्याच डेस्कटॉपवर फायरफॉक्स उघडावा. दर वेळी पासवर्ड विचारला की माणसं कंटाळतात आणि सगळं मुख्य खात्यातच उघडून बसतात. सुडो म्हणजे दुसऱ्या यूजरच्या नावाने प्रोग्राम चालवणारी आज्ञा. तिचे नियम बदलणाऱ्या व्हीआयसुडोने एकच ओळ घाला (‘आशा’ हे मुख्य खातं):
आशा ऑल=(पाहुणा) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/बिन/फायरफॉक्स
मग पाहुण्याला आपल्या पडद्यावर खिडकी उघडू देणारी आज्ञा: ‘एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूजर:पाहुणा’. हे राहिलं तर ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ येतंच, कारण पडद्याची किल्ली असलेली तुमची एक्सऑथॉरिटी फाइल पाहुण्याला वाचता येत नाही. नुसतं ‘एक्सहोस्ट +’ मात्र कधीच नको, त्याने पडदा सगळ्यांनाच खुला होतो.

परळ_टर्मिनल: पासवर्ड जाऊ दे, त्या एक्सहोस्टचं काय? एक्स11 वर (लिनक्समधली पडदा सांभाळणारी जुनी व्यवस्था) पडद्याशी जोडलेल्या प्रत्येक प्रोग्रामला बाकीच्यांच्या कळा वाचता येतात. पाहुण्याच्या नावाने ‘एक्सइनपुट टेस्ट-एक्सआय2 --रूट’ चालवा आणि शेजारच्या खिडकीत टाइप करा. ‘क्यू’ दाबलात की टर्मिनलमध्ये ‘रॉकीप्रेस, डिटेल: 24’ उमटतं, ‘ए’ला 38 (हे कळांचे क्रमांक). नेटबँकिंगचा पासवर्ड असाच एकेक कळ करून गेममधून बाहेर जाईल.

गिरगावकर: कळांचं मान्य. पण होम फोल्डर 700 वर (फक्त मालकाला खुलं) असेल तर एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्या आणि फोटो तरी सुरक्षित राहतात. ते काही थोडं नाही.

लोकल_स्लो: दोघांनीही एक्स11 ऐवजी आलेल्या वेलँडवर या, तिथे दुसऱ्याच्या कळा दिसत नाहीत. फक्त त्याचं सॉकेट (प्रोग्रामने पडद्याशी जोडायची फाइल) ‘/रन/यूजर/1000’ मध्ये असतं (1000 हा तुमच्या खात्याचा क्रमांक) आणि ते फोल्डर 0700 असतं. परवानग्या देणाऱ्या सेटएफएसीएलने पाहुण्याला फोल्डरवर ‘एक्स’ (आत जाण्याची परवानगी) आणि ‘वेलँड-0’ या सॉकेटवर ‘आरडब्ल्यू’ (वाचणं-लिहिणं) द्या, वेलँड_डिस्प्ले या व्हेरिएबलमध्ये सॉकेटचा पूर्ण पाथ टाका. सुडो हे व्हेरिएबल गाळतं, म्हणून ते सुडोच्या एन्व्ह_कीप यादीत घालावं लागतं. लॉगआउट झालं की परवानग्या पुसल्या जातात, त्यामुळे स्क्रिप्ट लॉगिनलाच लावा. आणि सुडोचे नियम ठेवायच्या सुडोअर्स.डी फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब नको. तशी फाइल सुडो मुकाट्याने वगळतं, आणि पासवर्ड का विचारतोय हे कळतच नाही.

परळ_टर्मिनल: हे पटलं. तरी नियमाची दिशा सांभाळा. मुख्य खात्यातून पाहुण्याकडे जाणं ठीक. रोजच्या खात्यातून नेटबँकिंगसाठी वेगळ्या केलेल्या ‘बँक’ यूजरकडे बिनपासवर्डची वाट ठेवलीत तर घात. रोजच्या खात्यात शिरलेला कुठलाही प्रोग्राम तो ब्राउझर सुरू करेल. नियमात पाथपुढे रिकामी दुहेरी अवतरणं लिहून आर्ग्युमेंट (आज्ञेपुढचे जादा शब्द) बंद केलीत, तरी कंट्रोल-ओ दाबून ‘बँक’च्या सगळ्या फायली उघडतातच.