स्विफ्टला बॉडी किट घरीच लावायचंय, टेप पुरेल का स्क्रू मारावेच लागतील?

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट २०१९ ची, व्हीएक्सआय, पांढरी, ६१ हजार किमी झालेत. ऑनलाइन एक किट मागवलं, पुढचा लिप (बंपरखालची पट्टी), दोन साइड स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या) आणि मागचा डिफ्यूझर (मागच्या बंपरखालचा तुकडा), असे चार तुकडे. फायबरचं आहे (एफआरपी असं लिहिलं होतं), रंग नाही, वर नुसता करडा जेलकोट (फायबरचा गुळगुळीत वरचा थर). काल खोकं फोडलं आणि अंगणातच गाडीला लावून बघितलं तर ड्रायव्हरच्या बाजूचा स्कर्ट मधे मस्त टेकतोय पण मागच्या चाकापाशी करंगळी आरपार जाईल एवढी फट. दुसऱ्या बाजूचा बरा आहे. लिपचं एक टोक दाबलं की दुसरं उठतं, तीन पायांच्या चौरंगासारखं.

इथल्या एका गॅरेजवाल्यानं रंग आणि फिटिंग मिळून १४ हजार सांगितले. अहो किटच ९ हजाराला आलंय! म्हणून म्हटलं दोन रविवार घालवू आणि आपणच करू. ड्रिल आहे, पाना सेट आहे, जॅक आहे आणि एक मेव्हणा आहे. तर नुसत्या डबल साइड टेपवर हे टिकेल का, रंग आधी मारायचा का बसवल्यावर, आणि स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, त्यातून लिपचे ४५ गेले तर आमच्या सांगलीतले स्पीडब्रेकर कसे पार करायचे? पोलीस अडवतात का ते पण सांगा. वडील म्हणतात आहे त्या गाडीत काय वाईट आहे, त्यांना उत्तर माझ्याकडे नाही.

खटपट्या:
भावा थांब, रंग लावू नकोस अजून. आधी कोरडं फिटिंग, म्हणजे टेप नाही, स्क्रू नाही, नुसत्या मास्किंग टेपनं चारही तुकडे गाडीवर चिकटव आणि फट कुठंकुठं आहे ते पेन्सिलीनं खुणा करून ठेव. मी जुन्या आय-ट्वेंटीला उलटं केलं होतं, आधी हौसेनं रंगवून आणलं, मग बसवायला घेतलं तर तुझ्यासारखीच फट, मग घासायला लागलो आणि नव्या कोऱ्या रंगाची माती.

आता टेपचं ऐक. माझा डावा स्कर्ट पेठनाक्याच्या पुढं हायवेवर सुटला. नव्वदचा स्पीड असेल. मागचं टोक निघालं, पुढचं धरून होतं, त्यामुळं तो आख्खा स्कर्ट बाहेर येऊन असा फडफडायला लागला की बायको म्हणाली टायर फुटला. बाजूला घेईपर्यंत दाराखालचा रंग वीतभर खरवडला. मागं ट्रक होता, मोटरसायकलवाला असता तर काय झालं असतं याचा मी अजून विचार करत नाही. घरी येऊन बघतो तर टेप गाडीला घट्ट चिकटलेली, आणि तिच्या फायबरकडच्या तोंडावर पांढरी भुकटी. म्हणजे टेप फायबरला कधी चिकटलीच नव्हती. फायबरची मागची बाजू हात फिरवून बघ, काचेच्या जाळीची खरखरीत असते, टेपला नुसती टेकाडं लागतात, खड्डे मोकळेच. ती पट्टी घासायची, वर रेझिनचा नाहीतर लांबीचा (पुट्टीचा) पातळ हात मारायचा, परत घासून सपाट करायची, मगच टेप. हे कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत, तिथं सगळं दहा मिनिटांत होतं आणि मागं गाणं वाजत असतं.

टेप घेताना थ्रीएमची व्हीएचबी घे, काळी, १.१ मिमी जाडीची. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून दोन्ही बाजू पुसायच्या, एकदा पुसलेलं फडकं परत वापरायचं नाही. टेप लावल्यावर जोर लावून दाबायचं, गोंजारायचं नाही. आणि २० मिनिटांत ती फक्त निम्मी पकड धरते, २४ तासांत साधारण ९० टक्के, पुरती पकड यायला ७२ तास. म्हणजे रविवारी लावून सोमवारी धुवायला न्यायची नाही. २१ ते ३८ अंश तापमान लागतं, आपल्याकडं अडचण नाही, फक्त पावसाळ्यात करू नको, दमट पत्र्यावर काहीच धरत नाही.

तरीपण नुसत्या टेपवर सोडू नकोस. टेप लांबीभर, आणि दोन्ही टोकांना स्क्रू. पुढचं टोक पुढच्या चाकाच्या आतल्या लायनरला, मागचं टोक मडफ्लॅपचा स्क्रू असतो ना त्याच्यातच घेतलं तर नवीन भोक पण पाडावं लागत नाही.

बोनेटखालचा:
सोपा उपाय, किट परत करा, त्या पैशात चारही टायरचं अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि वडिलांना एक चांगलं जेवण. गंमत करतोय. थोडीशी.

पाणपेपर:
आमचा पेंटिंगचा धंदा आहे, वडिलांपासून. १४ हजार ऐकून तुम्हाला जास्त वाटले पण त्यातलं फिटिंग फार तर दोन हजाराचं, बाकी सगळा वेळ फायबर सरळ करण्यात जातो. घरी करताय तर करा, फक्त क्रम चुकवू नका.

जेलकोटची चकचकीत बाजू साच्यातून आलेली असते, तिच्यावर साचा सुटायला लावलेलं वॅक्स असतं. ते आधी ग्रीस रिमूव्हरनं काढायचं आणि मग पॉलिश पेपर. बरेच जण आधी घासतात, म्हणजे वॅक्स ओरखड्यात अजून आत जातं आणि रंगावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आम्ही त्याला फिश आयच म्हणतो. वॅक्स गेल्यावर ४०० नंबरच्या पेपरनं घासा, मग उन्हात तिरकं धरून बघा, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. ती आता नाही बुजवली तर रंगाच्या शेवटच्या हातानंतर एकेक करून वर येतात, आणि गिऱ्हाईक त्याच्यावरच बोट ठेवतं.

करंगळीएवढी फट म्हणताय त्याच्यासाठी टेपचे तीन थर लावून भरू नका. आणि हीट गन घेऊन वाकवायला पण जाऊ नका, एबीएस प्लॅस्टिक नमतं, फायबर नमत नाही, तडकतं. त्या टोकाला गाडीच्या पत्र्यावर मास्किंग टेप, वर पॅकिंगची चकचकीत टेप लावा, स्कर्ट जागेवर धरा आणि कडेला मॅट (काचेच्या तंतूंची जाळी) आणि रेझिन घालून ओठ वाढवून घ्या. सुकल्यावर निघून येतो, गाडीच्या आकाराचाच झालेला असतो. जास्तीचं घासून टाका. चौरंगासारखा हलणारा लिप मात्र आधी चार दिवस सपाट फळीवर बांधून उन्हात ठेवून बघा, नवीन माल कधीकधी घाईत साच्यातून काढलेला असतो, थोडाफार बसतो.

फुल बाह्या, मास्क आणि गॉगल. फायबरची धूळ अंगाला लागली की अशी खाज सुटते की रात्रभर बायको वेगळी झोपवते. गरम पाण्यानं आंघोळ करायची नाही आधी, गार पाण्यानं.

रंग पांढरा म्हणून खूश होऊ नका, पांढऱ्यातच शेड फसते. पेट्रोल टाकीचं झाकण काढून रंगवाल्याकडे न्या, मशिनवर तोच रंग बनवून देतो.

खटपट्या:
पाणपेपर दादा, ती पॅकिंग टेपची युक्ती मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर.

किमीवाला:
क्लिअरन्सचा हिशोब थोडा चुकतोय. १६३ मिमी हे गाडीच्या पोटाखालच्या सगळ्यात खालच्या जागेचं माप, बंपरचं नाही. बंपरची खालची कड त्याच्यापेक्षा वर असते. त्यामुळं १६३ उणे ४५ असं होत नाही. टेप घेऊन बंपर ते जमीन मोजा, त्यातून ४५ वजा करा, आणि ती कड पुढच्या चाकापासून किती पुढं आलीय ते बघा, कारण लागतं ते चढावर, चाक वर चढायच्या आधी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, त्याच्यावर तुमचा लिप कुठंच लागणार नाही. आता गल्लीत रात्रीत डांबर ओतून केलेला जो दांडा असतो तो कुठल्या नियमातला हे आपण सगळे जाणतो. तिथं तिरकी घ्या, एकेक चाक.

दोन गोष्टी ज्या कोणी बोललं नाही. एक, दाराखालच्या पट्टीला (सिल म्हणतात) वरून स्क्रू मारू नका. आत पोकळ असते, भोक पाडलं की पाणी जातं आणि आतून गंज धरतो, तो बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पाडलंच तर कडा घासून झिंक प्रायमर. आणि त्याच पट्टीला खाली पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती टेपनं बुजवू नका. दोन, जॅक लावायची जागा. खाली कडेला दोन खाचा असतात त्यांच्या मधे जॅक बसतो. स्कर्ट लावल्यावर ती खाच झाकली गेली तर रात्री आंबा घाटात पंक्चर झाल्यावर कळेल. पंक्चरवाला तर बघणारच नाही, सरळ फायबरखाली जॅक घालून वर करेल.

कायद्याचं विचारलंत. मोटार वाहन कायदा कलम ५२, आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ५२ मधेच बदल म्हणजे काय तेही लिहिलंय, गाडीच्या रचनेतला असा फेरफार की तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. लिप-स्कर्ट त्यात मोडत नाहीत असं माझं मत, पण रस्त्यावर मत समोरच्या साहेबाचं चालतं. नंबरप्लेट झाकू नका, धारदार कडा बाहेर ठेवू नका, आणि बुलबार सोबत आला असेल तर फेकून द्या, त्याच्यावर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. इन्शुरन्सवाल्यांना मेल टाकून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

स्टुटगार्टचा बंड्या:
वाचून मजा येतेय. मूळचा मिरजेचा, आता जर्मनीत. इथं असा लिप लावायचा तर त्या तुकड्यासोबत एकतर एबीई नावाचा मान्यतेचा कागद पाहिजे, तो गाडीत ठेवायचा, नाहीतर टाइलगुटआख्टन (त्या तुकड्याचा तपासणी अहवाल) घेऊन ट्युफच्या (गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या) माणसासमोर गाडी उभी करायची. तो खाली वाकून कडा हातानं चाचपतो, कुणाला लागेल का म्हणून. कागद नसेल तर गाडीचा परवानाच रद्द धरतात. माझ्या लिपपेक्षा त्या तपासणीचीच धाकधूक जास्त होती. तुम्ही अंगणात मेव्हण्याला घेऊन करताय, करून घ्या.

कृष्णाकाठचा:
सगळ्यांचे आभार, पाच आठवडे गायब होतो. दोन रविवार म्हणालो होतो, पाच लागले.

लिप फळीवर बांधून उन्हात ठेवला, बराच बसला, राहिलेलं मधल्या स्क्रूनं ओढून घेतलं. बंपरच्या आतल्या बाजूला पीपी (पॉलिप्रॉपिलिन) असा शिक्का सापडला, त्या कच्च्या प्लॅस्टिकला टेप धरत नाही म्हणून तिथं आधी थ्रीएमचा प्रायमर ९४ (टेपची पकड वाढवणारा) लावला. बंपर काढताना फॉगलॅम्पच्या वायरचा सॉकेट काढायचा विसरलो, मेव्हण्यानं ओढला, सॉकेटची टाचणी तुटली, अडीचशे रुपये. करंगळीची फट मॅट-रेझिननं भरली, पॅकिंग टेपची युक्ती एकदम फिट. पहिल्या वेळी पॅकिंग टेपला एक सुरकुती राहिली होती, ती रेझिनमधे जशीच्या तशी उमटली, परत केली. रंग मात्र स्वतः नाही मारला, तयार तुकडे पेंटरकडे दिले, ४ हजारात झालं. खाचांच्या समोर स्कर्टला खालून अर्धगोल कापून जॅकला जागा केली, सगळ्यात सुबक काम तेच झालंय आणि ते कोणाला दिसत नाही.

वडील दोन फेऱ्या मारून आले गाडीभोवती. म्हणाले, हे आधीपासूनच होतं ना?

आता मेव्हण्याला त्याच्या वॅगन-आरला लावायचंय. अर्धा रोल टेप उरलीय, मागतोय. टिकते का ती ठेवून?

पाणपेपर:
बनल्यापासून २४ महिने, खोक्यावर तारीख असते. कपाटात ठेवा, गाडीत नको, उन्हानं वाट लागते. आणि मेव्हण्याला म्हणावं आधी फॉगलॅम्पचा सॉकेट.